जंबुपार शाईचे दृढीभवन आणि आसंजन : सपाट मंचाच्या मुद्रणयंत्रांवरील दोषांची मीमांसा

छापखान्यातील कारागीर "शाई धरत नाही" असे म्हणतो तेव्हा त्या एकाच वाक्प्रयोगाखाली किमान दोन भिन्न व्याधी दडलेल्या असतात. एकीत शाईचा थर स्वतःच अपुरा बनलेला असतो. तो चिकट राहतो, नखाने ओरखडतो, द्रावकाच्या बोळ्याने पुसला जातो. दुसरीत थर पूर्णपणे कठीण झालेला असतो, किंबहुना फारच कठीण झालेला असतो. परंतु ज्या पृष्ठावर तो पसरला त्या पृष्ठाशी त्याचा संबंध जडलेला नसतो, आणि चिकटपट्टी लावून ओढली असता तो पापुद्र्यासारखा अखंड निघून येतो. पहिला दोष दृढीभवनाचा, दुसरा आसंजनाचा. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे उपायही उलटा होतो. पट निघाला की दिव्याची शक्ती वाढवावयाची, हा सर्वत्र रूढ असलेला पहिला इलाज आहे. आणि दोष आसंजनाचा असेल तर याच इलाजाने तो बळावतो. असे का व्हावे, हे समजण्यास शाईच्या रसायनापासून आरंभ करणे भाग आहे.

व्यवहारात 'यूव्ही फ्लॅटबेड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रात छापावयाचा पत्रा, काच किंवा फळी मंचावर स्थिर असते व शाईची शीर्षे आणि दिवे तिच्यावरून मागेपुढे फिरतात. या शाईत पाणी किंवा उडून जाणारा द्रावक जवळजवळ नसतो, म्हणून ती 'सुकते' असे म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे होय. तिच्यात अ‍ॅक्रिलेट वर्गातील एकवारिके व अल्पवारिके, रंगद्रव्याचे सूक्ष्म कण, आणि अल्प प्रमाणात प्रकाश-प्रारंभक असतात. जंबुपार किरण (आजच्या रूढ भाषेत अतिनील किरण) शोषून प्रारंभकाचा रेणू भंग पावतो व मुक्त मूलके निर्माण होतात. ही मूलके एकवारिकांच्या द्विबंधांवर हल्ला करून साखळ्या वाढवितात, साखळ्या परस्परांस जोडल्या जातात, आणि क्षणार्धात द्रवाचे जाळीदार बहुवारिक बनते. शाई शीर्षाच्या अतिसूक्ष्म छिद्रातून उडावयाची असल्यामुळे तिची श्यानता फार कमी, उडते वेळी साधारणतः दहा मिलिपास्कल-सेकंदाच्या आसपास, ठेवावी लागते; त्यासाठी शीर्ष चाळीस ते पन्नास अंश सेल्सियसपर्यंत तापवितात. श्यानतेच्या या बंधनामुळे शाईत जड अल्पवारिके फारशी घालता येत नाहीत आणि हलक्या एकवारिकांवरच भिस्त ठेवावी लागते. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका तडजोडीत आहे.

चिकटपणाचे सर्वांत सामान्य कारण हवेतील ऑक्सिजन हे होय. कार्बनी मूलक एकवारिकाशी जितक्या वेगाने संयोग पावते त्याच्या कित्येक पट वेगाने ते ऑक्सिजनशी पावते, आणि त्यातून निर्माण होणारे पेरॉक्सी मूलक साखळी पुढे नेण्यास जवळजवळ निरुपयोगी ठरते. थराच्या आतील ऑक्सिजन एकदा संपला की तेथील क्रिया मोकळी होते. पण वरच्या पृष्ठावर हवेतून त्याचा पुरवठा अखंड चालू असतो. म्हणून आत घट्ट व वर ओशट अशी विलक्षण स्थिती दिसते. शाई सूक्ष्म थेंबांच्या रूपाने पडत असल्याने तिचे पृष्ठफळ आकारमानाच्या मानाने मोठे असते. यामुळे तुरळक ठिपक्यांनी बनलेल्या फिक्या छटा कित्येकदा गडद भागापेक्षा अधिक चिकट राहतात, व हे पाहून नवखा कारागीर बुचकळ्यात पडतो. ऑक्सिजनला आळा घालण्यासाठी शाईत अमाइन संयुगे घालतात. ती हायड्रोजनचा अणू देऊन पेरॉक्सी मूलकाच्या जागी नवे कार्यक्षम मूलक उभे करतात. दिव्याखाली नायट्रोजनचा झोत सोडणे हा उपाय त्याहून खात्रीचा असला, तरी उघड्या मंचावर तो खर्चिक पडतो.

दिव्याचा प्रकार येथे निर्णायक ठरतो. पाऱ्याच्या वाफेच्या जुन्या दिव्यातून २५४, ३१३, ३६५, ४०५ व ४३६ नॅनोमीटर अशा अनेक तरंगलांब्यांचा प्रकाश मिळतो. त्यांपैकी आखूड किरण थराच्या अगदी वरच्या भागातच शोषले जातात व तेथे मूलकांची गर्दी करून ऑक्सिजनवर मात करतात. लांब किरण खोलवर जातात. गॅलियम नायट्राइडच्या स्फटिकांवर आधारलेल्या प्रकाशोत्सर्जक डायोडांनी, म्हणजे एलईडी दिव्यांनी, आता बव्हंशी त्यांची जागा घेतली आहे. ज्या संशोधनातून हे डायोड निघाले त्यासाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुद्रणातील एलईडी दिवा साधारणतः ३६५, ३८५, ३९५ किंवा ४०५ यांपैकी एकाच तरंगलांबीभोवतीचा अरुंद पट्टा देतो. तो उष्णता कमी देतो, लागलीच पेटतो व दीर्घकाळ टिकतो; परंतु त्याच्यापाशी आखूड किरण नाहीत. म्हणूनच पाऱ्याच्या दिव्यासाठी बनविलेली शाई एलईडी यंत्रात भरली असता तळापर्यंत बरी बनूनही माथ्यावर चिकट राहते. हा शाईचा दोष नव्हे आणि दिव्याचाही नव्हे. जोडीच विजोड आहे.

रंगद्रव्य आणि प्रारंभक एकाच प्रकाशासाठी स्पर्धा करीत असतात, ही गोष्ट विसरून चालत नाही. शोषणाच्या घातांकी नियमानुसार थराच्या खोलीबरोबर प्रकाश झपाट्याने क्षीण होतो. काळ्या शाईतील काजळी सर्वच तरंगलांब्या गिळते. पांढऱ्या शाईची अडचण निराळी आहे: तिच्यातील रुटाइल जातीचे टिटॅनियम डायऑक्साइड दृश्य प्रकाश परतवून लावते, पण सुमारे ४०० नॅनोमीटरच्या खाली येताच ते प्रकाश जोराने शोषू लागते. त्यातच पांढरा थर अपारदर्शक व्हावा म्हणून जाडही छापावा लागतो. यावर तोडगा म्हणून दृश्य प्रकाशाच्या सीमेपर्यंत शोषण करणारे फॉस्फिन ऑक्साइड वर्गातील प्रारंभक वापरतात. त्यांतील सर्वपरिचित असे टीपीओ, म्हणजे ट्रायमिथिलबेंझॉइल डायफिनिल फॉस्फिन ऑक्साइड, प्रजननास अपायकारक द्रव्यांच्या वर्गात गणले गेले असून युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्याच्या वापरास बंदी केली आहे. ही बंदी शाईस लागू नसली तरी अशा वर्गीकरणामुळे शाईच्या उत्पादकांसही पर्यायी प्रारंभकांचा विचार करावा लागतो. तात्पर्य, बाटलीवरील नाव तेच राहून आतील प्रारंभक बदललेला असू शकतो. तेव्हा नवीन खेप आली की जुन्या मांडणीवर विसंबू नये, तिची नव्याने परीक्षा करावी.

छापावयाच्या वस्तूचा रंगही हिशेबात धरावा लागतो. पांढरी फळी थरातून पार झालेला प्रकाश पुन्हा वर पाठविते व शाईस दुसऱ्यांदा उजेड मिळतो. काळ्या फळीवर किंवा पारदर्शक काचेवर ही परतफेड नाही. पांढऱ्या सनबोर्डवर निर्दोष ठरलेली मांडणी काळ्या अ‍ॅक्रिलिकवर अपुरी पडते, याचे कारण पुष्कळ वेळा एवढेच असते. याच्या उलट, आरशासारख्या चकचकीत पत्र्यावरून उसळलेला प्रकाश शीर्षाच्या छिद्रांपर्यंत पोहोचला तर शाई छिद्रातच घट्ट होऊन बसते. ते नुकसान फार महागाचे असते.

प्रकाशाचे मोजमाप करताना दोन राशींत घोटाळा होतो. तीव्रता म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर क्षणी पडणारी शक्ती, ही मिलिवॉटमध्ये मोजतात. मात्रा म्हणजे एकंदर पडलेली ऊर्जा, ही मिलिजूलमध्ये मोजतात. मात्रा सारखी ठेवली की परिणाम सारखाच मिळेल, हा समज खरा नाही. आदर्श परिस्थितीत मूलके परस्परांशी जोडीने भिडून नष्ट होत असल्यामुळे बहुवारिकीकरणाचा वेग तीव्रतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे तीव्रता चौपट केली तर वेग दुप्पटच होतो. या न्यायाने मंद प्रकाश अधिक काळ देणे फायदेशीर ठरावयास पाहिजे. परंतु ऑक्सिजनशी झुंज असते तेथे नेमके उलटे घडते: मंद प्रकाशात मूलके जितकी निपजतात तितकी ऑक्सिजन खाऊन टाकतो, आणि कितीही वेळ दिला तरी पृष्ठ चिकटच राहते. तेथे तीव्रतेची एक किमान पातळी ओलांडावीच लागते. सारांश, पृष्ठाचा चिकटपणा हटविण्यास तीव्रता व खोलीतील अपुरेपणा हटविण्यास मात्रा, अशी ढोबळ विभागणी व्यवहारात उपयोगी पडते. मोजमाप दिव्याच्या तोंडाशी नव्हे तर मंचावर, प्रत्यक्ष छपाईच्या पातळीवर घ्यावे. आणि दिव्याची काच प्रथम पुसून घ्यावी, कारण शाईचे उडालेले तुषार तिच्यावर बसून भाजलेले असतात व ते पुष्कळसा प्रकाश मुकाट्याने अडवितात. ही बाब क्षुल्लक वाटते; परंतु महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेलेल्या दोषाचे कारण बहुधा हेच निघते.

आता दोन व्याधी वेगळ्या कशा ओळखाव्यात? बोटाने स्पर्श करणे, अंगठा दाबून पिळणे, द्रावकात भिजविलेल्या फडक्याने ठरावीक वेळा घासणे या रूढ कसोट्या होत. मात्र मिथिल इथिल कीटोनने घासण्याची कसोटी पीव्हीसी किंवा अ‍ॅक्रिलिकवर करणे फसवे ठरते, कारण तो द्रावक खालचे प्लॅस्टिकच विरघळवितो व शाई त्याबरोबर वाहून जाते. अधिक बोलकी परीक्षा निघालेल्या पापुद्र्याची असते. पापुद्रा उलटा करून त्याचा तळ पाहावा. तळ ओला किंवा मऊ असेल तर प्रकाश तेथपर्यंत पोहोचलाच नाही. तळ कोरडा, गुळगुळीत, आणि मूळ पृष्ठाचा ठसा घेतलेला असेल तर दृढीभवन झाले, आसंजन झाले नाही. चिकटपट्टीवर अर्धा थर व पृष्ठावर अर्धा थर अशी फाळणी झाली तर थराचे अंतर्गत बळच कमी आहे. प्रयोगशाळेत अवरक्त वर्णपटाने हाच निवाडा संख्येत करता येतो. अ‍ॅक्रिलेटच्या द्विबंधाचा पट्टा दर सेंटिमीटरला ८१० तरंगसंख्येच्या आसपास असतो. जवळच्या एखाद्या स्थिर पट्ट्याशी त्याचे गुणोत्तर काढले असता किती द्विबंध शिल्लक राहिले ते कळते. क्षीणीकृत संपूर्ण परावर्तनाच्या पद्धतीत केवळ एकदोन मायक्रोमीटरचा थर पाहिला जात असल्याने पापुद्र्याचा माथा व तळ यांची स्वतंत्र नोंद मिळते. हे साधन रसायनाच्या बहुतेक पदव्युत्तर विभागांत असते, आणि छापखान्यांच्या अशा तक्रारींसाठी ते क्वचितच वापरले जाते, हे खेदाने नमूद करावे लागते.

आसंजनाचा विचार ओलाव्यापासून सुरू होतो. द्रव घन पृष्ठावर पसरेल की गोळा होईल हे त्यांच्या पृष्ठताणांवर अवलंबून असते, हा विचार टॉमस यंग याने १८०५ मध्ये मांडला. पुढे वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत विल्यम झिस्मन याने निरनिराळ्या द्रवांचे स्पर्शकोन मोजून प्रत्येक घन पदार्थास एक क्रांतिक पृष्ठताण जोडून दिला. त्या मूल्यांनुसार टेफ्लॉन सुमारे १८, पॉलिथिलिन ३१, पीव्हीसी आणि अ‍ॅक्रिलिक दोन्ही ३९, पॉलिएस्टर ४३ मिलिन्यूटन प्रति मीटर असा क्रम लागतो; पॉलिप्रोपिलिन पॉलिथिलिनच्या शेजारीच, किंचित खाली बसते. हेच अंक बाजारात 'डाइन' म्हणून ओळखले जातात. जंबुपार शाईचा पृष्ठताण तिसाच्या खाली असल्याने ती पॉलिप्रोपिलिनवर कशीबशी पसरतेही, आणि येथेच फसगत होते. पसरणे ही आसंजनाची आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. पीव्हीसी, अ‍ॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट यांच्या बाबतीत शाईतील हेक्झेनडायॉल डायअ‍ॅक्रिलेटसारखी एकवारिके पृष्ठास किंचित फुगवून आत शिरतात व तेथेच दृढ होतात. थर जणू मुळे धरतो. पॉलिप्रोपिलिन या एकवारिकांस दाद देत नाही, आणि त्याच्या रेणूत शाईशी बंध जोडू शकेल असा गटही नसतो.

मुळे धरण्यास वेळ लागतो. थेंब पडताच अत्यंत प्रखर प्रकाश मिळाला तर एकवारिके आत शिरण्यापूर्वीच गोठून जातात. याच्या जोडीस आकुंचन येते. द्रवात एकवारिकांचे रेणू तीन ते चार आंगस्ट्रॉम अंतरावर असतात. बंध जुळताच हे अंतर दीड आंगस्ट्रॉमवर येते, आणि थराचे आकारमान शेकड्यात दहाच्या घरातही घटू शकते. जोवर शाई प्रवाही असते तोवर हा ताण वाहून जातो. जाळे पक्के झाल्यानंतरचे आकुंचन मात्र थर व पृष्ठ यांच्या सीमेवर साचत राहते, व पातळ पत्रा कडेने वर वळलेला दिसतो. दिवा वाढविला की जाळे लवकर पक्के होते, ताण अधिक साचतो, थर ठिसूळ होतो. आरंभी उल्लेखिलेला रूढ इलाज घातक का, त्याचा उलगडा यात आहे.

कित्येकदा पृष्ठ चांगले असूनही मध्ये एक दुर्बल पडदा असतो. जे. जे. बायकरमन याने १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आसंजनविषयक ग्रंथात या दुर्बल सीमास्तरावर मोठा भर दिला. त्याच्या मताचा सर्वव्यापी आग्रह पुढे मान्य झाला नाही, पण छापखान्यात तो पदोपदी पटतो. पॉलिप्रोपिलिनच्या पत्र्यात घसरण येण्यासाठी घातलेले एरुकामाइड साठवणीत पृष्ठावर येते. मऊ पीव्हीसीतील मृदुकारक तेले तशीच वर येतात, आणि छापून झाल्यावरही शाईत शिरून तिला पुन्हा मऊ करतात. अ‍ॅक्रिलिकवरील संरक्षक कागद काढला की त्याच्या गोंदाचा अंश मागे राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे बहुधा पुरते. परंतु लेसरने कापलेल्या किंवा वाकविलेल्या अ‍ॅक्रिलिकवर अल्कोहोल लागताच ताणाच्या जागी सूक्ष्म तडे उमटतात, म्हणून तेथे आधी छपाई व मग कापणी हा क्रम बरा.

काचेची गोष्ट याहून वेगळी. तिची पृष्ठीय ऊर्जा उच्च असते, पण तीमुळेच ती हवेतील पाणी ओढून घेते. कोकणच्या पावसाळ्यात काचेवर छापलेला फलक पहिल्या दिवशी जाळीछेद कसोटीत उत्तीर्ण होतो आणि आठवड्याने पाण्याच्या फडक्यासरशी सुटतो. कारण पाणी कडेने शिरून सीमेवरील शाईची जागा घेते. यावर सिलेन वर्गाचा प्रायमर हा उपाय आहे. त्याचे एक टोक काचेच्या हायड्रॉक्सिल गटांशी जोडले जाते, दुसरे मेथॅक्रिलेट टोक शाईच्या साखळीत सामील होते. तो नाममात्र पातळच लावावा. जाड लावला तर तोच दुर्बल पडदा बनतो. पिल्किंग्टन यांच्या १९५९ मध्ये जाहीर झालेल्या तरंग-पद्धतीने बनणाऱ्या काचेची एक बाजू वितळलेल्या कथिलावर टेकलेली असते, व दोन्ही बाजूंचे रासायनिक स्वरूप सारखे नसते. अंधारात २५४ नॅनोमीटरचा लहान दिवा धरला असता कथिलाची बाजू दुधट चमकते. एका ढिगातील काही काचा धरतात व काही सोडतात अशी तक्रार आल्यास ही तपासणी अवश्य करावी.

जाळीछेद कसोटीत सहा आडव्या व सहा उभ्या छेदांनी पंचवीस चौकोन पाडून त्यांवर चिकटपट्टी ओढतात. आंतरराष्ट्रीय मानकात ० हा उत्तम व ५ हा निकृष्ट दर्जा, तर अमेरिकी मानकात ५बी उत्तम व ०बी निकृष्ट. या उलटसुलट अंकांमुळे खरेदीदार व मुद्रक यांच्यात वाद झडले तर नवल नाही. कसोटी छपाईनंतर लगेच न घेता चोवीस तासांनी घ्यावी, कारण अडकून राहिलेली मूलके काही काळ काम करीत राहतात.

अर्धवट दृढ झालेली शाई हा केवळ मालाच्या दर्जाचा प्रश्न नाही. शिल्लक राहिलेल्या एकवारिकांमुळे त्वचेस कायमची अतिसंवेदनशीलता जडू शकते, आणि एकदा ती जडली की त्या कारागिरास तो धंदाच सोडावा लागतो. चिकट फलक उघड्या हातांनी उचलणारा मदतनीस या धोक्यास सर्वांत जवळ असतो. पूर्ण बनलेल्या थरातूनही न जोडला गेलेला प्रारंभक बाहेर पडू शकतो. २००५ साली इटलीत बालकांच्या दुधात आयसोप्रोपिल थायोक्झँथोन आढळले, ते वेष्टनाच्या बाहेरील छपाईतून आले होते. ती छपाई या यंत्रांची नव्हती, पण रसायन त्याच कुळातले होते.

हे सर्व एका नेहमीच्या प्रसंगास लावून पाहावे. सनपॅक, म्हणजे पॉलिप्रोपिलिनच्या पन्हळी पत्र्यावर, छापलेली अक्षरे दोन दिवसांनी सुटतात. त्याच मांडणीत सनबोर्ड, काच व सनपॅक अशा तिघांवर एकच पट्टी छापावी. केवळ सनबोर्डवर विसंबू नये, कारण अपुरी शाई पीव्हीसीत मुरून चांगली भासते. तिन्ही ठिकाणी पट्टी चिकट असेल तर दिवा, काच, वेग व शाईची जोडी तपासावी. काचेवर थर कोरडा व कठीण, सनपॅकवर पापुद्रा अखंड व तळ कोरडा असेल तर दिव्यास हात लावू नये. डाइनच्या लेखणीने पत्र्यावर रेघ ओढावी. ३८ची रेघ दोन सेकंद न फुटता टिकली पाहिजे. (या लेखणीतील द्रवात बहुधा फॉर्मामाइड असते, हातमोजे घालावेत.) रेघ लगेच थेंबाथेंबांत फुटली तर पत्र्यावर कारखान्यात केलेला कोरोना विसर्गाचा संस्कार उतरून गेला आहे, हा संस्कार काही आठवड्यांत ओसरतो आणि गोदामातील उष्ण हवेत त्याहूनही लवकर. अशा पत्र्यास ज्योतीचा हलका संस्कार करून त्याच दिवशी छापावे, किंवा क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिनचा प्रायमर लावावा. त्यानंतरही कडा उचलत असतील तर पहिल्या फेरीचा प्रकाश कमी करून शेवटच्या फेरीत तो पुरा द्यावा, आणि पांढरा थर एका जाड फेरीऐवजी दोन पातळ फेऱ्यांत छापावा.